कान्हेरीचे अभ्यागत केंद्र : विनयाच्या कसोटीवर

इ.स. २०२२ च्या बुद्धपौर्णिमेस, १६ मे रोजी, कान्हेरी येथील नूतनीकृत अभ्यागत मंडप, तिकीटघर आदी सुविधांचे उद्घाटन केंद्रीय सांस्कृतिक मंत्र्यांच्या हस्ते झाले. हे काम राष्ट्रीय संस्कृती निधीमार्फत इंडियन ऑइल फाउंडेशनने केले. त्याच वेळी शासनाने असेही कळविले की, माहिती केंद्र बांधून झाले असले तरी लेणी वनाच्या गाभाक्षेत्रात असल्याने वीज व पाणी यांची शाश्वती व्हावयाची आहे. तूर्त सौरऊर्जा, जनित्र आणि कूपनलिका यांवर भागविले जाईल. या वास्तूची चिकित्सा कोणत्या निकषांवर करावी? ते निकष आपल्या विनयपिटकातच आहेत.

चुल्लवग्गात अनाथपिंडिक जेतवनाची जागा निवडतो. ती नगरापासून फार दूर नको, फार जवळही नको. लोकांना येण्याजाण्यास सुलभ, परंतु दिवसा गजबज नसलेली व रात्री निःशब्द असावी, हा त्याचा विचार आहे. भिक्खूने स्वतःसाठी कुटी बांधण्याविषयीचा संघादिसेस नियम याहून काटेकोर आहे. जागा संघाला दाखवून संमती घ्यावी लागते. तेथे मुंग्या, वाळवी, साप यांपासून वाघ-बिबट्यापर्यंत कोणत्याही प्राण्याचा आश्रय नसावा आणि भोवती बैलगाडी फिरेल एवढी मोकळीक असावी. बिबट्यांच्या या अरण्यात हा नियम आजही शब्दशः लागू पडतो.

या कसोटीवर जुन्याच इमारतींचे नूतनीकरण करण्याचा निर्णय स्वागतार्ह ठरतो. जनित्राचा घरघराट मात्र जेतवनाच्या निकषाशी विसंगत आहे. पाण्याची उणीव तर अधिक बोचते. कान्हेरीच्या प्राचीन स्थपतींनी डोंगरावर पडणारा पाऊस खडकातील पन्हळींनी वळवून लेण्यालेण्यांशी कोरलेल्या टाक्यांत साठविला. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याणच्या एका सुवर्णकाराने संघाला पोढी दान दिल्याचा लेखही तेथे आहे. देखभालीसाठी ‘अखयनीवि’, म्हणजे मूळ रक्कम न मोडता व्याजावर चालणारा कायम निधी, ठेवला जाई. ज्या डोंगराने जलव्यवस्थापनाचा आणि देखभालीच्या अर्थकारणाचा धडा दिला, त्याच डोंगरावर माहिती केंद्र पाण्यावाचून उभे राहावे, ही केवळ तांत्रिक अडचण नव्हे. आराखडा करताना स्थळ वाचलेच गेले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

हा प्रश्न घोडबंदर रोडच्या रहिवाशांचाही आहे. एका अंगाला याच उद्यानाची डोंगररांग आणि तिच्या पायथ्याशी उंच इमारती, असे या रस्त्याचे रूप आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. तो पूर्ण झाल्यावर ठाणे-कल्याणकरांना कान्हेरी जवळ येईल आणि गर्दीही वाढेल. उद्या या बाजूस अभ्यागत केंद्राची मागणी झाली, तर ते वनात नव्हे, पायथ्याच्या वस्तीलगत उभारावे. पाऊसपाण्याचा साठा, देखभालीचा निधी आणि मराठीतून शिलालेखांचे वाचन या तीन गोष्टी आराखड्यातच असाव्यात.

कान्हेरी हे सहलीचे ठिकाण म्हणून दाखवायचे, की श्रेणीतल्या कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्खू-भिक्खुनींनी उभारलेला विहार म्हणून, याचा निर्णय दाखविणाऱ्याच्या हाती असतो. नामोल्लेखाने दान कोरून ठेवणारे ते सामान्यजन आपले पूर्वसूरी होत. त्यांची ओळख जे केंद्र करून देणार नाही, ते कितीही देखणे असले तरी अपुरेच राहील. म्हणून असा आराखडा मंजूर होण्यापूर्वी तो पाहण्याचा व त्यावर मत देण्याचा आग्रह उपासक-उपासिकांनी धरला पाहिजे. संघाला जागा दाखविण्याचा विनयातील नियम आपल्याला हेच सांगतो.