अनामिक फलनातील स्वनिर्देश

फलनप्रधान संगणकभाषांत नाव न ठेवता फलन लिहिता येते. अशा फलनाने आपल्याच व्याख्येत स्वतःला पुन्हा पाचारण करावयाचे तर कोणत्या शब्दाने, हा प्रश्न लिस्प भाषेइतकाच जुना आहे. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या निबंधात त्यासाठी 'लेबल' ही रचना येते. ती नॅथॅनिएल रॉचेस्टर यांची. ही रचना तर्कतः अनावश्यक असून केवळ लॅम्डाने काम भागते, हे डेव्हिड पार्क यांनी दाखवून दिले.

पार्क यांचे म्हणणे निर्विवाद आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तसा नाही. क्रमगुणिताचे उदाहरण घेऊ. फलनाला दोन प्राचले द्यावीत : एक संख्या, दुसरे ते फलनच. संख्या शून्य असता उत्तर १. एरव्ही त्या संख्येने, दुसऱ्या प्राचलाकडून मिळविलेले एकाने लहान संख्येचे क्रमगुणित गुणावे. ५ साठी १२० हे उत्तर बिनचूक येते. परंतु येथे नाव नाहीसे झाले काय? ते केवळ प्राचलाच्या जागी जाऊन बसले. हास्केलची प्रकारव्यवस्था तर फलन स्वतःलाच असे थेट लावू देत नाही. तेथे 'फिक्स' हे तयार फलन वापरतात, आणि खुद्द त्याच्या व्याख्येत एक स्थानिक नाव स्वतःचाच उल्लेख करते!

मग नावाऐवजी सर्वनाम का नको? क्लोजरमधील 'रीकर' हा शब्द जवळजवळ तेच कार्य करतो. तथापि तो सर्वांत जवळच्या फलनाकडे किंवा आवर्तनाकडेच निर्देश करतो, शिवाय अखेरची क्रिया म्हणूनच चालतो. वरील गुणाकारात तो निरुपयोगी ठरतो. 'सदूने गोविंदाला आपल्या घरी जावयास सांगितले' या वाक्यात घर कोणाचे? मराठी 'आपला' दोघांपैकी कोणाकडेही वळू शकतो, म्हणून संदिग्धता येते. 'रीकर' संदिग्धता टाळतो खरा, पण सदूपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद करून. एका फलनात दुसरे फलन येताच ही उणीव जाणवते.

'लेबल'मधील नाव या दोन्ही अडचणी टाळते. ते फलनाच्या आतच जगते, बदलले तरी अर्थ बदलत नाही, आणि बाहेरच्यांस फलन अनामिकच राहते. क्लोजरमध्येही अनामिक फलनाला आतल्यापुरते असे नाव देण्याची मुभा आहे. अर्लँगमध्ये मात्र फलन स्वतःच्या हाती सोपविण्याचा खटाटोप दीर्घकाळ करावा लागे. २०१४ मधील सतराव्या आवृत्तीत तेथेही आतले नाव आले.