संगणकावरील शोधनिबंध : रूप आणि संहिता

शोधनिबंधाचे परीक्षण करताना आपण विषयाची निवड, साधनसामग्री, युक्तिवाद आणि निष्कर्ष ह्यांचा विचार करतो. मांडणीचा विचार मात्र ‘टंकलेखन सुबक आहे’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. मांडणी हा निबंधाचा केवळ पोशाख आहे, अशी समजूत ह्यामागे असते. टंकयंत्राच्या काळात ती पुष्कळशी खरी होती. वर्ड प्रोसेसरवर सिद्ध होणाऱ्या निबंधाविषयी ती खरी राहिलेली नाही. भाषेच्या अभ्यासकाला तर ती चुकीच्या निष्कर्षापर्यंत नेऊ शकते. हेच येथे दाखवावयाचे आहे.

कंधार परिसरातील बोलीचे उदाहरण घेऊ. ‘काय करत आहेस?’ ह्या अर्थी ह्या भागात ‘काय करायलास?’ असे सहज म्हटले जाते. ‘तो करत आहे’ ह्याऐवजी ‘तो करायलाय’. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने ही रूपे ध्वनिमुद्रित केली, कागदावर उतरवली आणि डीटीपीच्या दुकानात अक्षरजुळणीस दिली. वर्ड प्रोसेसरच्या शब्दसंग्रहात ‘करायलाय’ नाही. तो त्याखाली लाल रेघ ओढतो. अक्षरजुळणी करणारा चोख माणूस असेल तर तो चूक समजून ‘करतोय’ असे करून टाकतो. त्याचा हेतू शुद्धच असतो. परंतु ज्या रूपासाठी निबंध लिहिला तेच रूप निबंधातून नाहीसे झालेले असते.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. ‘करायलाय’ ह्या रूपाचे ‘कर’, ‘आयला’ आणि ‘य’ असे घटक पाडून प्रत्येकाखाली त्याचे कार्य लिहावयाचे असते. आपल्याकडे ही जुळवाजुळव बहुधा स्पेसबार दाबून केली जाते. पडद्यावर ती नेटकी दिसते. पुढे संपादक फॉन्ट बदलतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सहायक क्रियापदाचे स्पष्टीकरण धातूखाली जाऊन बसते. वाचकाला ही मुद्रणाची चूक आहे असे वाटत नाही. लेखकाचे विश्लेषणच असे आहे असे वाटते.

ह्याहून मूलभूत प्रश्न अक्षरांच्या संकेतांचा आहे. श्रीलिपी, कृतिदेव ह्यांसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत देवनागरी आकार संगणकातील रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते. डोळ्यांना मराठी दिसे. यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे संकेत मिळाले. तरीही जुन्या फॉन्टांत निबंध घडवण्याची रीत पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिली. अशा फाइलीत कोणी ‘करायलाय’ हा शब्द मराठीत टाइप करून शोधला, तर तो सापडत नाही. शब्द पानावर आहे, संहितेत नाही.

येथे सकळ लिपीची आठवण होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेवले आणि ती लिपी उलगडेपर्यंत मराठी वाङ्मयाचा एक मोठा ठेवा पंथाबाहेरच्या अभ्यासकांना अज्ञात राहिला. ज्या माहूरला ह्या पंथात पवित्र मानले जाते, ते आपल्याच नांदेड जिल्ह्यात आहे. फरक इतकाच की महानुभावांनी आपली संहिता जाणूनबुजून झाकली. आपण आपली संहिता अजाणता झाकतो, आणि ती झाकली आहे ह्याची नोंदही ठेवीत नाही.

युनिकोड वापरले की सर्व प्रश्न मिटले, असेही नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ ह्या शब्दांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. दुसऱ्या शब्दातील आडवा रकार संगणकात दोन प्रकारांनी नोंदवता येतो : एक ‘ऱ’ ह्या वर्णाला हलन्त जोडून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोन्ही दिसतात सारखे. शोधात मात्र ते दोन निराळे शब्द ठरू शकतात. ‘ॲ’ ह्या स्वराचेही तसेच. त्याला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवीत, आणि ती सवय अद्याप गेलेली नाही. शब्दांची वारंवारता यंत्राकडून मोजून घेणाऱ्या संशोधकाने आपल्या संहितेत एकच पद्धत आहे की दोन, हे आधी तपासले नाही, तर त्याचा तक्ता अविश्वसनीय होय.

आता नियमपत्रिकांकडे वळू. त्यांत फॉन्टचे नाव, अक्षरांचा आकार, ओळींतील अंतर आणि समास ह्यांचा काटेकोर उल्लेख असतो. संहिता कोणत्या संकेतात असावी ह्याविषयी बहुधा अवाक्षर नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देणे आवश्यक केले आणि ‘शोधगंगा’सारखा संग्रह उभा राहिला. प्रबंध कपाटातून बाहेर आला ही मोठीच गोष्ट झाली. परंतु जो प्रबंध केवळ पानांच्या चित्रांच्या रूपाने तेथे गेला, तो उघडता येतो, पण धुंडाळता येत नाही.

सुबकपणा हा गुणच आहे, आणि परीक्षक शेवटी डोळ्यांनीच वाचतो, हे मान्य केले पाहिजे. पण सुबकपणा संहितेच्या सचोटीतून निघावा. भाषाविज्ञानात आपण रूप आणि कार्य ह्यांत भेद करतो. वर्ड प्रोसेसरमधील ‘स्टाइल’ ही सोय ह्याच भेदावर उभी आहे. मथळा नुसता ठळक आणि मोठा केला तर तो यंत्राला मथळा म्हणून कळत नाही. त्याला मथळ्याची स्टाइल दिली तर अनुक्रमणिका यंत्र स्वतः तयार करते आणि पृष्ठांक बदलले तरी ती पुन्हा जुळवून घेता येते. बोलीच्या नमुन्यांसाठी वेगळी स्टाइल करून तीत शुद्धलेखनतपासणी बंद ठेवावी. घटकविश्लेषण स्पेसने न जुळवता रेघा नसलेल्या तक्त्यात मांडावे. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वर्डमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ ह्या वेगळ्या रकान्यात ठरतो. तो स्टाइलमध्येच निश्चित करावा. आणि ही कामे दुकानावर न सोपवता संशोधकाने स्वतः करावीत, कारण ‘करायलाय’ ही चूक नव्हे हे त्यालाच ठाऊक असते.

शिलालेख कोरणाऱ्याच्या हातून अक्षर चुकले, तर ती चूक निदान दगडावर दिसते आणि पुढचा अभ्यासक तिची चर्चा करू शकतो. संगणकातील चूक सुबक पानाआड दडते. म्हणून निबंधाच्या परीक्षणात ‘टंकलेखन सुबक आहे’ असे लिहिण्यापूर्वी परीक्षकाने त्या फाइलीत एक तरी मराठी शब्द शोधून पाहावा. तो सापडला नाही, तर परीक्षण अजून पुरे झालेले नाही असे समजावे.