कासरवल्लींचा कोणता सिनेमा आधी दाखवाल?

समजा, तुमच्या डिपार्टमेंटमधल्या चार-पाच जणांनी विचारलं की तुमच्याकडचा एखादा चांगला सिनेमा दाखव, गाणी-नाच नसलेला. तुम्ही काय लावाल? माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी मराठी सोडून कन्नडकडे वळलो, आणि गिरीश कासरवल्लींचा 'घटश्राद्ध' लावला. ती निवड चुकली असं आता वाटतं. सिनेमा उत्तमच आहे. चूक माझ्या हेतूत होती, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

कन्नड का, असं कुणी विचारेल. 'श्यामची आई'ला 1954 मध्ये पहिलं सुवर्णकमळ मिळालं आणि मराठीला दुसरं मिळालं ते थेट 'श्वास'ला, 2003 सालच्या चित्रपटांमध्ये. मधल्या काळात कन्नड सिनेमाने सहा नेली. त्यातली चार एकट्या कासरवल्लींची: 'घटश्राद्ध' (1977), 'तबरन कथे' (1986), 'तायी साहेबा' (1997) आणि 'द्वीप' (2001). पुरस्कार म्हणजे सगळं नाही, मान्य. पण चार वेगवेगळ्या काळात, चार वेगवेगळ्या ज्युरींना एकाच माणसाकडे वळावंसं वाटलं, हे साधं नाही. आणि हा माणूस अगदीच परकाही नाही. शिमोगा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यात जन्म, मणिपालला फार्मसीची पदवी, आणि मग पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. औषधं सोडून सिनेमा धरायला तो आपल्याच प्रभात रोडच्या आसपास आला होता.

तर 'घटश्राद्ध'. यू. आर. अनंतमूर्तींची कथा. एका वैदिक पाठशाळेत नाणी नावाचा लहान मुलगा शिकायला येतो. गुरुजींची मुलगी यमुना विधवा आहे, आणि तिला दिवस गेलेत. नाणीला या घरात माया लावणारी ती एकटीच. शेवटी बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालतो, घडा फोडतो, आणि ती समाजाला मेली. हे सगळं आपण नाणीच्या उंचीवरून बघतो. त्याला अर्धं कळतं, अर्धं कळत नाही. रात्रीच्या रानातली काळी-पांढरी दृश्यं आजही अंगावर येतात.

सिनेमा संपला. सगळे हळहळले. किती क्रूर रूढी, किती सुंदर फोटोग्राफी. मीही मान हलवली. घरी चालत येताना लक्षात आलं की त्या खोलीत कुणालाच, अगदी मलाही, काही टोचलं नव्हतं. तो अग्रहार लांबचा, तो काळ लांबचा, दोषी कोण ते स्पष्ट. मला पाहुण्यांसमोर नीटनेटकं दुःख मांडायचं होतं आणि ते मी मांडलं. 2024 मध्ये या सिनेमाची जपून दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसला दाखवली गेली, आनंदच आहे. पण जगाने कासरवल्लींना एवढ्याच एका सिनेमाने ओळखलं तर तो अर्धाच कासरवल्ली.

उरलेला अर्धा 'गुलाबी टॉकीज'मध्ये (2008) आहे. वैदेहींच्या कथेत छोट्या गावात थेटर येतं. कासरवल्लींनी काळ उचलून कारगिल युद्धाच्या सुमाराला आणला, जागा कुंदापूरजवळच्या कोळ्यांच्या बेटाची केली, आणि थेटराऐवजी आणली डिश अँटेना. गुलाबी ही सुईण, सिनेमावेडी, नवऱ्याने टाकलेली. एका बाळंतपणाच्या बदल्यात तिला टीव्ही मिळतो. पुरुष समुद्रावर गेले की बायका तिच्या झोपडीत जमतात. गुलाबी मुसलमान, म्हणून काही जणी येत नाहीत, काही दाराबाहेरूनच बघतात. म्हणजे सिरीयल हवी, उंबरा नको! हे इतकं सहज दाखवलंय की हसू येतं, आणि मग ते घशात अडकतं.

बाहेर मोठ्या ट्रॉलरांनी छोट्या नावांचं पोट मारलेलं असतं, आणि पैशाचं ते भांडण हळूहळू हिंदू-मुसलमान भांडण होतं. बेटावरची एक बाई, गुलाबीची मैत्रीण, नाहीशी होते. ठपका गुलाबीवर. तिला बेट सोडावं लागतं. आता शेवट सांगतो, राग मानू नका, कारण मुद्दा तिथेच आहे. ज्या पोरांनी तिचं घर फोडलं, तीच एका म्हाताऱ्या, निरक्षर बाईला सांगतात: जा की आत, टीव्ही इथेच राहणार आहे. आणि ती जाते. टीव्ही बघायला.

त्या म्हातारीवर रागावता येत नाही. तिने काहीच केलं नाही. आणि तिने काहीच केलं नाही, हेच तर. नाणीने यमुनेसाठी काही केलं नाही तेव्हा तो लहान होता. इथे बघणारी सगळी मोठी माणसं आहेत, शेजारी आहेत, व्हॉट्सॲपच्या आधीचे तुम्ही-आम्ही आहोत. एकतीस वर्षांत कासरवल्लींनी साक्षीदाराचं वय वाढवत नेलं, असं मला वाटतं.

मधले सिनेमेही याच वाटेवर आहेत. 'तबरन कथे' पूर्णचंद्र तेजस्वींच्या कथेवर. पेन्शनसाठी फिरणारा तबरा, आणि गँगरीन झालेली बायको. ऑफिसातला एकही कारकून राक्षस नाही, प्रत्येकजण आपल्या टेबलापुरता नियमात आहे. व्हिसाच्या कागदासाठी कुठल्याशा खिडकीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही हा सिनेमा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही (अर्थात आपली तुलना तबऱ्याशी करणं म्हणजे उद्धटपणाच). 'द्वीप'मध्ये धरणाचं पाणी चढतंय, घर वाचतं ते नागीच्या कष्टाने, आणि नवरा श्रेय देतो देवाला. धरण हा खलनायक आहेच, पण मला जास्त लागलं ते हे घरातलं श्रेय. सौंदर्या, तेव्हाची दक्षिणेतली मोठी स्टार, या सिनेमाची निर्मातीही होती. चिखलात, पावसात तिचं काम बघाच.

सगळंच जमलंय असं नाही. 'कूर्मावतार'मध्ये (2011) एका सरकारी कारकुनाला मालिकेत गांधींचं काम मिळतं. कल्पना भारी, पण तिथे पात्रं विषय बोलून दाखवायला लागतात. पूर्वी जे दाराबाहेर उभ्या बाईच्या पाठीने सांगितलं, ते इथे संवादात येतं. साहित्यकृतींवर सिनेमे करण्याचा हा धोका असेल का? वाटत नाही. कारण 'हसीना' (2004) हाही कथेवरचाच, बानू मुश्ताक यांच्या. 2025 च्या इंटरनॅशनल बुकरनंतर ज्यांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं त्यांना सांगायला हवं, की कासरवल्ली तिथे वीस वर्षं आधी पोचले होते.

सबटायटल्सबद्दल एक. आपण कन्नड सिनेमा इंग्रजी वाचत बघतो. एकदा नजर खालच्या ओळीवरून काढून नुसतं ऐका. अक्का, अण्णा, अडकित्ता असे शब्द कानावर पडले की थोडं थांबाल.

मागच्या महिन्यात त्याच मंडळींना 'गुलाबी टॉकीज' दाखवला. प्रत धूसर होती, सबटायटल्स मागे-पुढे. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, "ती म्हातारी नंतर रोज जात असेल का तिथे?" दुसऱ्याने तिला आपल्या गावाची एक गोष्ट सांगितली, रिकाम्या झालेल्या घराची आणि त्यातलं सामान कुणी कुणी नेलं त्याची. मग तिसऱ्याने. माझी पाळी आली तेव्हा मी चहा करायला उठलो.