वीजप्रकल्प आणि 'उत्तरदायित्व' : एका परिभाषेची चिकित्सा

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडीच्या परिसरात एनटीपीसी या केंद्र सरकारच्या अखत्यारीतील कंपनीचे औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच. पहिला २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाला. कोळसा दूरवरून रेल्वेने येतो. पाण्यासाठी भिस्त भीमेवरील उजनी जलाशयावर. अशा केंद्राच्या निमित्ताने कंपनी व भोवतालची गावे यांच्यात जो व्यवहार सुरू होतो, त्याची एक स्वतंत्र परिभाषा गेल्या काही दशकांत मराठीत रूढ झाली आहे : सामाजिक उत्तरदायित्व, जनसुनावणी, प्रकल्पग्रस्त, लाभार्थी. अनुवादाची एक सोय एवढ्याच दृष्टीने तिच्याकडे सामान्यतः पाहिले जाते. वस्तुतः ती व्यवहाराचे केवळ वर्णन करीत नाही; त्यात कोणी बोलावयाचे व कोणी घ्यावयाचे, हेही ती आधीच ठरवून टाकते.

'उत्तरदायित्व' हा शब्द मुळात वाईट नाही. अरबी-फारसी वळणाच्या 'जबाबदारी'चाच तो संस्कृत प्रतिशब्द होय. आणि इंग्रजी शब्दाच्या लॅटिन मुळातही उत्तर देण्याचाच अर्थ आहे. कोणीतरी प्रश्न विचारला आहे आणि विचारणाऱ्यास तसा अधिकार आहे, हे तिन्ही ठिकाणी गृहीत धरलेले दिसते. परंतु २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठराविक मर्यादेपुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेत असे ठरविले, आणि शब्दाचा रोख प्रश्नाकडून पैशाकडे वळला. 'सामाजिक दायित्व निधी' असा प्रयोग आता मराठीत सर्रास आढळतो. 'उत्तर' गळून पडले व 'दायित्व' तेवढे, म्हणजे निव्वळ देणे, शिल्लक राहिले. संक्षेपाची प्रवृत्ती भाषेत स्वाभाविक आहे हे खरे. तथापि शब्दाचा कोणता अवयव गळावा, हे प्रत्येक वेळी यदृच्छेनेच ठरते असे नाही.

'प्रकल्पग्रस्त' या शब्दाची कथा याहून बोलकी आहे. 'ग्रस्' म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्याच पंक्तीत हा शब्द बसला, आणि माणसांनी आखलेली योजना निसर्गाच्या कोपासारखी कर्ताविहीन झाली. १९९९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने 'प्रकल्पबाधित' हा सौम्यतर शब्द स्वीकारला. पण व्याकरणदृष्ट्या दोन्ही रूपे कर्मणी धातुसाधितेच. ज्याच्यावर काही घडले तो माणूस त्यांत दिसतो. घडविणारा दिसत नाही. याच्याशेजारी मुळशी ठेवून पाहावे. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणास विरोध करण्यासाठी मावळातले शेतकरी सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. मुंबईला वीज हवी होती व त्यासाठी मुळा-नीला संगमावरील गावे बुडणार होती. लढा हरला, परंतु भाषेने त्या माणसांना 'सत्याग्रही' म्हटले. त्यांची ओळख त्यांच्या कृतीवरून ठरली, त्यांच्यावर कोसळलेल्या आपत्तीवरून नव्हे.

कार्यालयीन मराठीतील '-ण्यात येणे' या रचनेने उरलेले काम पुरे केले आहे. गावाला टाकी बांधून देण्यात आली, शाळेला बाके पुरविण्यात आली : अशा वाक्यांत गाव चतुर्थीत असते, कर्त्याच्या जागी कधीच नसते. टाकी आणि बाके निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड नळाचे पाणी मिळत आले, त्या सोलापूरच्या उजनी समांतर जलवाहिनीच्या खर्चात कंपनीने वाटा उचलावा व शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी केंद्राने वापरावे, असे जेव्हा ठरते, तेव्हा तो दोन पक्षांमधील करार असतो. त्याला 'मदत' म्हणताच शहर 'लाभार्थी' होते, आणि लाभार्थ्याने अटी घालावयाच्या नसतात.

याच जिल्ह्यात वीजनिर्मितीच्या संदर्भात आणखी एक शब्द वावरतो : 'सभासद'. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी विमानतळाच्या मार्गातील अडथळा म्हणून महापालिकेने जून २०२३ मध्ये पाडली, तेव्हा विरोधास उभा राहिलेला ऊसउत्पादक 'आमचा कारखाना' या भाषेत बोलत होता. सहकारात सभासदाचा शब्द प्रत्यक्षात किती चालतो, हा निराळा व फारसा सुखद नसलेला विषय आहे. पण चालला नाही तर तक्रार करण्याची जागा त्या शब्दातच आहे. 'लाभार्थी' या शब्दात ती नाही.

राहता राहिली 'जनसुनावणी'. हा शब्द न्यायालयातून आलेला असल्यामुळे श्रोता निकालाची अपेक्षा धरतो. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार मात्र या सभेत निर्णय होत नाही. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी बसतात, प्रदूषण नियंत्रण मंडळ कार्यवृत्त टिपते व ते पुढे पाठविते. सभेस गणपूर्तीचीही अट नाही. मात्र एक तरतूद भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे : कार्यवृत्त शेवटी उपस्थितांना लोकभाषेत समजावून वाचून दाखविले पाहिजे. महाराष्ट्रात याचा अर्थ सहसा मराठी असा घेतला जातो. परंतु दक्षिण सोलापूर व अक्कलकोट या तालुक्यांत घरात कन्नड बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. 'उत्सर्जन', 'भूजलस्तर', 'शमनोपाय' अशा शब्दांनी भरलेला सारांश मराठी घरातल्या शेतकऱ्यालाही जड जातो. ज्या बाईने विहिरीचा व शेताचा सारा व्यवहार जन्मभर कन्नडमध्ये केला, तिला त्यातून राखेविषयी काय विचारावे हेही सुचणे कठीण. सारांश मराठीत छापला तरी कार्यवृत्त मराठीबरोबर कन्नडमध्येही वाचून दाखविण्यास, आणि प्रश्नही त्या भाषेत नोंदवून घेण्यास, अधिसूचनेची कोणतीही आडकाठी नाही.