भाऊबंदकीचे कथानक : चांदा, नागपूर आणि जेरुसलेम

राज्यनाशाची मीमांसा करताना मराठी इतिहासलेखन 'भाऊबंदकी' या शब्दाचा आधार फार लवकर घेते. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली पेशवे घराण्यातील खुनावर लिहिलेल्या नाटकाला हेच नाव दिले, आणि तेव्हापासून तर या शब्दाला एका सिद्ध नाट्यप्रयोजनाचे बळ मिळाले. हा शब्द घटनेचे वर्णन करतो आणि त्याच दमात निवाडाही देतो : घर फुटले म्हणून राज्य गेले. या निवाड्याची कथनशास्त्रीय तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आजच्या चंद्रपूर-गडचिरोली परिसराशी, म्हणजे जुन्या चांद्याशी निगडित असलेली नागपूरकर भोसल्यांची वारसाकथा येथे घेतली आहे. तुलनेसाठी प्राचीन यहुदी हस्मोनी घराण्याची कथा उपयोगी पडते. दोन्ही कथांत भाऊ भावावर उठतो, हे साम्य वरवरचे आहे. दोन्ही कथा कोणाच्या छत्राखाली लिहिल्या गेल्या, हे साम्य अधिक मोलाचे आहे.

आधी घटनाक्रम पाहू. पहिले रघूजी भोसले १७५५ साली वारले. जानोजी वयाने वडील, परंतु धाकट्या राणीचा. मुधोजी वयाने धाकटा, परंतु थोरल्या राणीचा. वडीलकी वयाने ठरवायची की मातेच्या मानाने, या प्रश्नाला परंपरेत निर्विवाद उत्तर नव्हते. तडजोडीत जानोजी सेनासाहेबसुभा झाला आणि मुधोजीच्या वाट्याला 'सेनाधुरंधर' हा किताब व चांदा आला. १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारला. मुधोजीचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्याचा त्याचा मनोदय होता. तरीही त्याची विधवा दर्याबाई हिने साबाजीचा पक्ष घेतला आणि साबाजी व मुधोजी यांच्यात युद्ध पेटले. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे मुधोजीने आपल्या भावाला स्वतःच्या हाताने पिस्तुलाची गोळी घातली. पुढच्या पिढीत दुसरे रघूजी १८१६ साली वारले. त्यांचा विकलांग पुत्र परसोजी १ फेब्रुवारी १८१७ रोजी अंथरुणात मृत आढळला. कारभार पाहणारा चुलतभाऊ अप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होता.

या घटना घडल्या, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या गुंफणीविषयी. हेडन व्हाइट यांनी १९७३ मध्ये इतिहासलेखनातील कथानकरचनेचा जो प्रश्न उपस्थित केला, तो येथे प्रस्तुत ठरतो. घटना स्वतःहून शोकांतिका होत नाही. कथनकर्ता आरंभ आणि शेवट निवडतो तेव्हा ती शोकांतिका होते. पाचगावापासून आरंभ केला आणि सीताबर्डीच्या लढाईपाशी (नोव्हेंबर १८१७) थांबले, की भावाच्या रक्ताचे प्रायश्चित्त राज्याला भोगावे लागले, असे कथानक आपोआप सिद्ध होते.

हे कथानक कोणाच्या सोयीचे होते? नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याची प्रसिद्ध बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली, ती रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या सांगण्यावरून. अप्पासाहेब पदच्युत झाला होता, गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी होते आणि कारभार जेंकिन्सच्या हाती होता. म्हणजे मराठी बखरीचा रूढ प्रसंगच येथे बदलला आहे. बखरकार आपल्या धन्याच्या आज्ञेवरून लिहितो. येथे आज्ञा करणारा धनी वर्ण्य घराण्याचा विजेता आहे. राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर घेतलेले आक्षेप आणि र. वि. हेरवाडकरांनी 'मराठी बखर' या ग्रंथात केलेला त्यांचा वाङ्मयीन विचार, या दोन टोकांमध्ये हा तिसरा प्रश्न उरतोच. त्याचे स्वरूप असे : अशा बखरीचा अभिप्रेत वाचक कोण?

जोसेफसची आठवण येथे अपरिहार्य आहे. जेरुसलेमच्या पाडावानंतर त्याने फ्लेव्हियन सम्राटांच्या आश्रयाने रोममध्ये राहून यहुद्यांचा इतिहास लिहिला. मातृकुळाकडून आपण हस्मोनी वंशाचे आहोत, असेही तो सांगतो. राणी सलोमी अलेक्झांड्रा इ. स. पूर्व ६७ मध्ये वारल्यावर तिचे पुत्र हिर्कानस आणि अरिस्टोब्युलस राज्यासाठी झगडले आणि इ. स. पूर्व ६३ मध्ये पॉम्पेने जेरुसलेम घेतले. या दोघांच्या कलहामुळेच आपण स्वातंत्र्य गमावले, असा निष्कर्ष जोसेफस स्पष्टपणे काढतो. पराभूत कुळातला लेखक विजेत्याच्या नगरात बसून दोष आपल्याच घरावर घेतो. त्यात लाचारी आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु आत्मनिंदेतून पराभूताला एक समाधानही मिळते, हे विसरता येत नाही : राज्य आपल्या दोषामुळे गेले असेल, तर ते राखणे आपल्या हाती होते, असे मानता येते. विजेत्याला याच कथानकात निर्दोषत्व लाभते. दोघांची गरज एकच कथानक भागवते, आणि त्यामुळेच ते टिकून राहते.

परंतु जोसेफसच्या मजकुरात एक जागा अशी आहे, की जी या कथानकाला आतून तडा देते. दमास्कसला पॉम्पेपुढे दोघे भाऊ आपापली बाजू मांडतात, तेव्हा तिसरे एक शिष्टमंडळही उभे असते. ते लोकांचे असते. आम्हाला दोघेही राजे नकोत, जुनी पुरोहितांची व्यवस्था हवी, असे त्याचे म्हणणे. जोसेफस ते नोंदवतो आणि पुढे जातो. भावांच्या भांडणाची कथा रंगू लागली, की तिसऱ्याचा आवाज असाच एका वाक्यात आटोपतो.

नागपूरच्या कथेतही हे आटोपणे दिसते. साबाजी-मुधोजींचा झगडा केवळ घरातला नव्हता. सेनासाहेबसुभा या पदाला पुण्याची मान्यता लागे. पुणे दरबाराने साबाजीला मान्यता दिली. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाल्यावर रघुनाथराव मुधोजीच्या बाजूला झुकला. एका घराची फूट दुसऱ्या घराच्या फुटीवर पोसली जात होती. अप्पासाहेबाच्या बाबतीत तर हे अधिकच उघड आहे. २७ मे १८१६ रोजी त्याने कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला, तो कारभारावरील आपली पकड टिकवण्यासाठी. परसोजीच्या मृत्यूनंतर कंपनीने त्याचा वारसा मान्य केला. त्याने शस्त्र उचलले आणि मार्च १८१८ मध्ये तो कैद झाला, तेव्हा मात्र त्या मृत्यूचा 'खून' म्हणून ठळक उच्चार होऊ लागला. येथे खुनाच्या सत्यतेविषयी शंका घ्यायची नाही. तो उच्चारण्याची वेळ कोणी ठरवली, हे पाहायचे आहे.

या मीमांसेची निर्णायक कसोटी १८५३ ही आहे. त्या वर्षी डिसेंबरात तिसरे रघूजी औरस पुत्रावाचून वारले. तेव्हा पाचगाव घडले नाही, भाऊ भावासमोर उभा राहिला नाही. घराण्यातील स्त्रियांनी दत्तकाचा पक्ष मांडला, आणि तरीही १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. कलह होता तेव्हा कलहामुळे राज्य गेले. कलह नव्हता तेव्हा वारस नसल्यामुळे गेले. कारण बदलले, शेवट तोच राहिला. तेव्हा शेवटाचे कारण घराच्या आत शोधण्याची पद्धतच संशयास्पद ठरते.

आता चांद्याकडे वळू. वर सांगितलेल्या कथेत चांदा केवळ 'वाटा' म्हणून येतो : धाकट्या पातीला द्यायचा मुलूख, किंवा खुनाच्या रात्री दूर असल्याचा पुरावा. परंतु १७५१ पर्यंत तेथे गोंड राजघराणे नांदत होते. त्याची वंशकथा आपल्याला मुख्यतः मौखिक परंपरेतून आणि १८६९ च्या सुमारास मेजर ल्युसी स्मिथने जमाबंदीच्या अहवालात केलेल्या नोंदींतून कळते. म्हणजे येथेही लेखणी राज्यकर्त्याचीच आहे. तरी या कथेची घडण वेगळी आहे. तिच्यातील मोठे वैर भावाभावांचे नाही, सोयरिकीचे आहे : मुलीच्या अपमानावरून बीरशाह देवगडच्या जावयावर चालून जातो. बीरशाह मारला गेल्यावर राणी हिराई चंदनखेड्याच्या आप्तशाखेतील बालक रामशाह याला दत्तक घेते, राज्य चालवते, पतीची समाधी बांधते. महाकालीच्या मंदिराचे श्रेयही परंपरा तिलाच देते. दर्याबाईच्या दत्तकविरोधाची नोंद 'कारस्थान' म्हणून होते. हिराईच्या दत्तकाची नोंद दगडात झाली आहे. वारसा पुढे नेणारी स्त्री कोणत्या कथनप्रकारात अडथळा ठरते आणि कोणत्या प्रकारात कर्ती ठरते, हा भेद व्यक्तींच्या स्वभावातून उलगडत नाही. तो कथनप्रकारांच्या हेतूंतून उलगडतो.

अर्थात गोंड कथेला निष्पाप मानण्याचेही कारण नाही. शेवटचा राजा नीलकंठशाह तिच्यात जुलमी म्हणून येतो, आणि शेवटचा राजा जुलमी असणे हे प्रत्येक विजेत्याच्या सोयीचे असते. १७५१ नंतर सत्ता भोसल्यांकडे होती, १८५४ नंतर इंग्रजांकडे. नीलकंठशाहाची बाजू सांगणाऱ्याला दोन्ही काळांत श्रोता नव्हता.

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली वेगळा झाला. या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांत बखरवाङ्मय आजही प्रामुख्याने शैलीचे उदाहरण म्हणून शिकवले जाते. ज्या विद्यार्थ्यांच्या घरांत हिराईची कथा ऐकू येते, त्यांच्यापुढे बखर ठेवताना ती कोणाच्या आज्ञेवरून लिहिली आणि तिच्यात तिसरे शिष्टमंडळ कोठे आहे, हे दोन प्रश्न शैलीविचाराच्या आधी विचारले गेले पाहिजेत. मौखिक परंपरा, जमाबंदीचे अहवाल आणि बखर यांचे समांतर वाचन करण्यासाठी याहून योग्य प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ते काम अद्याप पद्धतशीरपणे हाती घेतले जाण्याची आवश्यकता आहे.