रोशा गवताची ओळख आणि अधिवासाचा पुरावा

विदर्भातील सातपुड्याच्या उतारांवर वाढणारे रोशा अथवा तिखाडी हे गवत ओळखणे वरवर पाहता कठीण नाही. ते बहुवर्षायू असून झुबक्याझुबक्यांनी वाढते व पुरुषभर उंची गाठते. त्याच्या पानाचा हृदयाकृती तळ खोडाला वेढून असतो, आणि पान चुरगळताच येणारा सुगंध लपत नाही. तथापि एवढ्याने ओळख पटते ती केवळ जातीची. ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’ या एकाच नावाखाली मोतिया व सोफिया असे दोन प्रकार येतात, आणि खरा प्रश्न तेथून पुढे उपस्थित होतो.

टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या वेळी जनरल क्लॉड मार्टिन याने बालाघाटच्या उंच प्रदेशातून बी जमविले. त्यावरून रॉक्सबर्गने केलेले वर्णन १८२० मध्ये ‘फ्लोरा इंडिका’त प्रसिद्ध झाले. हा बालाघाट दक्षिणेकडील होय. नागपूरच्या ईशान्येस असलेल्या त्याच नावाच्या जिल्ह्याशी त्याची गल्लत होता कामा नये. केवळ स्थळनाम म्हणजे अधिवासाचा पुरावा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

मोतिया व सोफिया हा भेद तेल गाळणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होता. १९०९ मध्ये बर्किलने त्याची शास्त्रीय चिकित्सा केली. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल विपुल असते, सोफियाच्या तेलात ते बरेच कमी. एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जाऊन गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाणारे तेल या गवताचेच. दोन्ही प्रकारांची पाने एकत्र कापली गेली, तर तेलाचा कस उतरतो आणि श्रमाचे मोल घटते. म्हणून हा वाद केवळ नामकरणाचा नाही.

मोतिया कोरड्या, उघड्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या उतारावर विखुरलेल्या झुबक्यांनी वाढतो. सोफिया सखल, ओलसर जागी दाट पसरतो, असे सामान्यतः सांगितले जाते. हे निरीक्षण मोलाचे आहे. परंतु त्याचा उपयोग जेव्हा ओळखीची कसोटी म्हणून होतो, तेव्हा त्यात अन्योन्याश्रयाचा दोष शिरतो. उतारावर सापडला म्हणून मोतिया म्हणावयाचे, आणि मोतिया उतारावरच सापडतो असा सिद्धान्त त्याच नोंदींवरून काढावयाचा, ही पद्धती तर्कशुद्ध नव्हे. मोतियात गुणसूत्रे २०, तर सोफियात ४० आढळली आहेत. यावरून भेद आनुवंशिक आहे, केवळ जमिनीने घडविलेला नाही, असे दिसते. तेव्हा आधी प्रकार स्वतंत्रपणे निश्चित करावा व मग अधिवासाशी त्याचा संबंध तपासावा, हाच क्रम योग्य ठरतो.

याचा अर्थ अधिवासाची नोंद गौण आहे, असा मात्र नाही. वाळवून कागदावर चिकटविलेल्या नमुन्यात उताराची दिशा, मातीची ओल, झुबक्यांमधील अंतर यांपैकी काहीही उरत नाही. गंधही कालांतराने मंदावतो. ‘डोंगराळ प्रदेश’ एवढ्या दोन शब्दांनी ही उणीव भरून निघत नाही, कारण एकाच डोंगरात कोरडी धारही असते आणि ओलसर घळही. मेळघाटातील नमुना घेणाऱ्या अभ्यासकाने या गोष्टी जागेवरच लिहून ठेवाव्यात, आणि तेलाची व गुणसूत्रांची तपासणी त्याच झुबक्यावरून करावी. अशा नोंदी जमल्यानंतरच उतार व प्रकार यांच्या संबंधाविषयी आपल्याला अधिकाराने बोलता येईल.