तबकडी, डाउनलोड आणि परवाना : ग्रामीण महाविद्यालयाच्या ग्रंथालयासंदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

चित्रपटाच्या डाउनलोडमुळे सीडी व डीव्हीडी कालबाह्य होतील काय, हा प्रश्न 2000 नंतरच्या दशकात वारंवार चर्चिला गेला. बाजारापुरते त्याचे उत्तर आता मिळाले आहे. तबकडी दुकानांतून जवळपास दिसेनाशी झाली आहे. तथापि तिची जागा डाउनलोडने घेतली, हे सर्वमान्य विधान तपासून पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, तबकडीच्या जागी प्रत आलेली नसून परवाना आलेला आहे. या बदलाची सर्वाधिक झळ सामान्य प्रेक्षकाला बसलेली नाही. ती मराठी चित्रपटाच्या अध्यापनाला आणि ग्रामीण महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना बसलेली आहे.

तबकडीचा उदय आणि अस्त

1993 मध्ये निश्चित झालेल्या मानकानुसार व्हिडिओ सीडीवर साधारणतः 74 मिनिटांचे चित्रण मावत असे. त्यामुळे अडीच तासांच्या चित्रपटाला दोन-तीन तबकड्या लागत. चित्राची गुणवत्ता बेताचीच असे. तरीही हे माध्यम ग्रामीण महाराष्ट्रात रुजले, कारण ते स्वस्त होते. 2007 मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांत व डीव्हीडी 34 रुपयांत विक्रीस आणली, तेव्हा चित्रपटाची अधिकृत प्रत विकत घेणे शिक्षकाच्या व विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले. पुढे 2018 मध्ये हीच कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. परदेशातही नेटफ्लिक्सने 1998 पासून चालविलेली टपालाने डीव्हीडी पाठविण्याची सेवा 29 सप्टेंबर 2023 रोजी बंद केली.

त्या काळी डाउनलोड हा तबकडीला पर्याय होता काय? 2004 च्या धोरणानुसार भारतात किमान 256 केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले जाई. या वेगाने 4.7 जीबी क्षमतेची एक डीव्हीडी उतरवून घ्यावयाची तर अखंड जोडणी गृहीत धरूनही सुमारे 41 तास लागले असते. सारांश, ज्या काळात हा प्रश्न हिरिरीने विचारला जात होता, त्या काळात बहुसंख्य मराठी प्रेक्षकांसाठी तो व्यवहारातला प्रश्नच नव्हता.

हिंगणीच्या वाटेवरील डाउनलोड

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोर धरणाकडे जाणाऱ्या वाटेवरचे गाव आहे. अशा गावांपर्यंत डाउनलोड पोचले ते घरच्या इंटरनेटने नव्हे. बाजारपेठेच्या ठिकाणचा मोबाइल दुरुस्तीचा दुकानदार आपल्या संगणकातून गाणी व चित्रपट काढून ग्राहकाचे मेमरी कार्ड ‘भरून’ देत असे. हे डाउनलोड बहुतांशी अनधिकृत होते, हे मान्य करावेच लागेल. मात्र त्याचे स्वरूप प्रतीचे होते. कार्ड ग्राहकाच्या खिशात राही आणि ते शेजाऱ्याला देता येई. सप्टेंबर 2016 मध्ये जिओची सेवा सुरू झाली व मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला. त्यानंतर कार्ड भरून घेण्याचे कारणच उरले नाही. म्हणजे ग्रामीण भागात तबकडीमागोमाग डाउनलोडही मागे पडले आणि दोहोंच्या जागी थेट प्रक्षेपण आले. दोन माध्यमांची स्पर्धा रंगविणाऱ्या लेखनातून नेमकी हीच गोष्ट निसटलेली दिसते.

या बदलाचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनेक जुने मराठी चित्रपट आज यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात. हिंगणीसारख्या गावातील विद्यार्थ्याला ते पाहण्यासाठी वर्ध्याला जावे लागत नाही. पाहण्याची सोय निश्चितच वाढली आहे. प्रश्न आहे तो जवळ बाळगण्याचा.

कायद्याच्या दृष्टीने प्रत आणि परवाना

कॉपीराइट अधिनियम 1957 मध्ये 2012 साली झालेल्या दुरुस्तीने ‘व्यावसायिक भाडे’ या संज्ञेची व्याख्या समाविष्ट झाली. विना-नफा ग्रंथालयाने अथवा विना-नफा शैक्षणिक संस्थेने कायदेशीररीत्या मिळविलेली चित्रपटाची प्रत नफ्याचा हेतू न ठेवता वाचक-प्रेक्षकाला देणे, हे या व्याख्येतून वगळण्यात आले आहे. तसेच कलम 52 (1) अन्वये शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमांचा भाग म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्याच प्रेक्षकांसमोर चित्रपट दाखविण्यास मुभा आहे. दाखल नोंदवहीत क्रमांक पडलेली डीव्हीडी या दोन्ही तरतुदींचा लाभ सहज मिळवून देते. ती पुस्तकासारखी देता येते, परत घेता येते आणि दहा वर्षांनी पुन्हा वर्गात लावता येते.

ओटीटीच्या वर्गणीत मात्र ग्रंथालयाच्या हाती कोणतीच प्रत येत नाही. अशा सेवांच्या अटी बहुधा वैयक्तिक वापरापुरत्या असतात. म्हणून कायद्याने दिलेली शैक्षणिक मुभा करारातील अटींपुढे निदान संदिग्ध होते. ‘विकत घेतलेल्या’ डिजिटल चित्रपटाची स्थितीही वेगळी नाही. घेतलेले चित्रपट ऑनलाइन जपून ठेवण्याचे आश्वासन देणारी अल्ट्राव्हायोलेट ही अमेरिकी सेवा 31 जुलै 2019 रोजी बंद पडली. कॅलिफोर्निया राज्यात तर 2025 पासून, ग्राहकाला मालकी मिळत नसून केवळ परवाना मिळतो हे विक्रेत्याने स्पष्ट सांगण्याचे कायदेशीर बंधन आले. ‘खरेदी’ हा शब्दच दिशाभूल करणारा ठरू शकतो, याची ही कबुलीच होय.

मराठी चित्रपटाचे विशेष प्रकरण

हिंदी वा इंग्रजीतील लोकप्रिय चित्रपट कोठे ना कोठे उपलब्ध राहतो, कारण त्याला मागणी असते. ‘श्यामची आई’ (1953) पासून ‘श्वास’ (2004) पर्यंतच्या मराठी चित्रपटांना राष्ट्रीय मान्यता मिळाली, परंतु मान्यता ही उपलब्धतेची हमी नव्हे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉमरेड’ (2011) हा तीन तासांहून दीर्घ माहितीपट या संदर्भात उद्‌बोधक आहे. 1997 मधील रमाबाई नगरातील गोळीबार आणि शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या यांपासून सुरू होणारी ही कृती व्यावसायिक वितरणाच्या भरवशावर राहिली नाही. वस्त्यांमधील खेळ व डीव्हीडी या मार्गांनी ती प्रेक्षकांपर्यंत गेली. दीक्षाभूमीवरील पुस्तकांच्या दुकानांची परंपरा ज्या विदर्भाला परिचित आहे, त्याला वस्तू हातोहात जाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

प्रती अनेक ठिकाणी असण्याचे महत्त्व एका दुर्घटनेनेही अधोरेखित केले. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि तेथे ठेवलेली शेकडो चित्रपटांची नायट्रेट रिळे नष्ट झाली. एकाच कोठारावर विसंबणे रिळांच्या बाबतीत घातक ठरले. एकाच कंपनीच्या सर्व्हरवर विसंबणे त्याहून सुरक्षित मानण्यास आधार नाही. पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय व नियत ग्रंथालयांकडे पाठविण्याचे बंधन 1954 च्या अधिनियमाने घातले. चित्रपट त्याच्या कक्षेत येत नाही.

तबकडीच्या मर्यादा

याचा अर्थ तबकडी चिरंतन आहे असा नव्हे. तिच्यावर ओरखडे पडतात, तिचा परावर्तक थर कालांतराने खराब होऊ शकतो आणि नव्या लॅपटॉपमध्ये ती लावण्याची सोयच नसते. गुणवत्तेच्या दृष्टीने व्हीसीडी तर आज अभ्यासास अपुरी आहे. त्यामुळे तबकडीविषयीचा केवळ स्मरणरंजनात्मक आग्रह समर्थनीय नाही. आग्रह धरावयाचा तो तिने दिलेल्या अधिकाराचा. बंधनमुक्त फाइल ग्रंथालयाला कायदेशीररीत्या मिळाली, तर तबकडीची उणीव भासणार नाही. डाउनलोडचे मूळ आश्वासन तेच होते, आणि ते पाळले गेलेले नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तबकडी व डाउनलोड हे परस्परांचे प्रतिस्पर्धी नव्हते. दोन्ही प्रतीची रूपे होती आणि दोन्ही परवान्यापुढे मागे पडली. महाविद्यालयांच्या पातळीवर तीन गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत. कपाटात पडून असलेल्या अधिकृत तबकड्या रद्दीत न काढता त्यांची नोंद व तपासणी करावी. चालू स्थितीतील एक डीव्हीडी यंत्र जतन करावे. चित्रपट अभ्यासक्रमात नेमताना त्याची कायदेशीर प्रत ग्रंथालयाला मिळू शकते काय, हे अभ्यासमंडळाने आधी पाहावे. नेमलेले पुस्तक बाजारात नसेल तर प्राध्यापक तक्रार करतात. नेमलेला चित्रपट सत्राच्या मध्येच एखाद्या सेवेवरून काढला गेला, तर ती तक्रार कोणाकडे करावयाची, याचे उत्तर आज कोणत्याही महाविद्यालयाकडे नाही.